साडूंची दुसरी प्रत

एखादी वस्तू एकाच घरात असेल तर ती आपल्याकडे नाहीच असं समजावं, हा आमच्या साडूंच्या आयुष्याचा पाया आहे, आणि त्या पायाचा निम्मा भाग आमच्या कपाटात आहे. आयर्लंडमध्ये ते ड्रोहेडाला, आम्ही नावनला. मध्ये अर्ध्या तासाचा रस्ता. बायकोची थोरली बहीण एवढ्या अंतरावर असणं हे सुखच. पण तिच्या नवऱ्याच्या जादा किल्ल्या, जादा चष्मा, पासपोर्टांच्या झेरॉक्स आणि इस्त्री केलेला एक शर्टही आपल्या घरात नांदणं, हे भाग्य मोजक्यांच्याच वाट्याला येतं. त्यांच्या विरजणाचीही एक वाटी आमच्या फ्रिजमध्ये असते. मागे भारतातून परतल्यावर त्यांचं दही नासलेलं निघालं, तेव्हा स्टीलची डबी घेऊन ते आमच्या दारात उभे राहिले, बँकेच्या लॉकरशी उभं राहावं तसे. "दुसरीकडे ठेवलं होतं म्हणून वाचलो," असं त्यांनी मला तीनदा ऐकवलं. मधल्या महिनाभरात ते विरजण रोज लावून जिवंत कोणी ठेवलं, हा तपशील त्यांच्या लेखी किरकोळ.

त्यांचा यात दोष नाही. ज्या कारखान्यात ते आहेत तिथे हृदयात बसवायच्या बारीक जाळ्या तयार होतात. साडू जाळ्या करत नाहीत, केलेल्या जाळ्यांवर शंका घेतात. दिवसभर पगार घेऊन शंका घेणारा माणूस घरी आल्यावर फुकट घेत राहिला, तर नवल नाही. क्लाउडवर त्यांचा काडीचा विश्वास नाही. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचं कपाट, असं ते म्हणतात. म्हणून तेरा वर्षांपूर्वी एका शनिवारी त्यांनी आमचं कपाट निवडलं. दोन काळे बॉक्स आणले, प्रत्येकात दोन-दोन डिस्क. एक त्यांच्या घरी, एक आमच्या जिन्याखालच्या प्रेसमध्ये. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि त्या प्रेसमध्ये आमचा व्हॅक्यूम क्लीनरही राहतो. रोज पहाटे इंटरनेटवरून त्यांच्या घरचे फोटो, कागद, रेकॉर्डिंग सगळं आमच्याकडे येणार, आणि आमचं त्यांच्याकडे जाणार. तेही त्यांच्या घरातून निघतानाच पासवर्डचं कुलूप लावून, म्हणजे इथे कोणी उघडलं तरी नुसता कचरा दिसावा. मला जरा लागलंच ते. म्हटलं, साडूभाऊ, माझ्यावर एवढाही विश्वास नाही?

"तुमच्यावर आहे हो," ते म्हणाले, "तुमच्याकडे येणाऱ्या चोरावर नाही."

आमच्याकडून काय जातंय हे त्यांना दिसत नव्हतं, हे बरंच झालं. मी वॉशिंग मशीनचं मॅन्युअल आणि न जमलेल्या पुरणपोळ्यांचे फोटो पाठवत होतो.

मग आठवडाभर ते अस्वस्थ. कारण काय, तर नावन आणि ड्रोहेडा दोन्ही एकाच बॉइन नदीवर. पूर आला तर दोन्ही प्रती एकदम जायच्या. नकाशा उघडून आमचं घर चढावर आहे याची खात्री झाली, तेव्हा कुठे त्यांना झोप लागली. पुढे दर शनिवारी फोन: दिवा कुठल्या रंगाचा आहे? हिरवा म्हटलं की समाधानाचा उसासा, घरात आजारी माणूस असावा आणि ताप उतरावा तसा. एकदा आमच्या हिने व्हॅक्यूमसाठी बॉक्सचा प्लग काढला, तर दहा मिनिटांत त्यांचा फोन. तेव्हापासून आमच्या जिन्याखाली धूळ आहे.

गेल्या हिवाळ्यात कडाक्याच्या थंडीत त्यांच्या माळ्यावरचा पाइप फुटला आणि पाणी नेमकं त्यांच्या बॉक्सवर आलं. बॉक्स गेला. फोनवर हे सांगताना साडूंच्या आवाजात दुःखापेक्षा आनंदच जास्त होता. इतक्या वर्षांच्या शंकेचं शेवटी चीज झालं होतं. रविवारी सकाळी आमच्याकडची प्रत उतरवून घ्यायला नवा बॉक्स घेऊन ते आले. सोबत त्यांची मुलगी, वय सोळा. ती कानात काहीतरी घालून सोफ्यावर बसली.

आमच्याकडच्या बॉक्सने पासवर्ड मागितला. तो साडूंनी कुठेच लिहिलेला नव्हता, कारण लिहिलेलं चोरीला जातं. पण तो विसरणं शक्यच नव्हतं. मुलगी तीन वर्षांची असताना रोज सकाळी खिडकीशी उभी राहून विचारायची ते वाक्य: सूर्य कुठे गेला? या देशात हा प्रश्न रोजच पडतो. मराठी अक्षरं चालतील याची त्यांना खात्री नव्हती, म्हणून तेव्हा इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं. साडूंनी टाइप केलं. चूक. 'सूर्य'मध्ये एक यू की दोन ओ, शेवटी ए आहे की नाही, मधे जागा सोडली की नाही, आणि 'ठ' हे अक्षर इंग्रजीत किती तऱ्हांनी चुकवता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. साडू वहीत रकाने आखून प्रत्येक प्रयत्न लिहीत होते, मी वाचून दाखवत होतो आणि मध्येच माझ्या मनाने एखादा एच घालत होतो. दुपारपर्यंत चौथं पान लागलं.

मी आपलं समजुतीचं म्हटलं, की फोटो काय, नातेवाइकांकडून थोडेफार गोळा होतील.

"फोटो जाऊ देत," ते हळूच म्हणाले. "तिचं मराठी आहे त्यात."

शाळेत जायच्या आधी ही मुलगी दिवसभर मराठीत बोलायची, आणि साडू ते रेकॉर्ड करून ठेवायचे. शाळा सुरू झाली आणि वर्षभरात ते बंद पडलं. आता सगळं कळतं तिला. पण जेवायला चल म्हटलं की 'बरं'च्या जागी इथलं "ग्रँड, बाबा" एवढंच येतं.

आमची ही चहा घेऊन आली. काय अडलंय ते तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण भाऊजी, ती असं कुठे म्हणायची? ती 'शूल्य तुथे देला' म्हणायची."

साडूंचा हात वहीवर तसाच राहिला. पासवर्ड ठेवताना त्यांनी ते तिच्याच बोलीत लिहिलं होतं. मधल्या तेरा वर्षांत त्यांच्या आठवणीने ते गुपचूप शुद्ध करून टाकलं होतं. त्यांनी एकेक अक्षर दाबलं. दुसऱ्या प्रयत्नात बॉक्स उघडला.

पहिलंच रेकॉर्डिंग त्यांनी लावलं. खिडकीवर आपटणारा पाऊस, आणि एक छोटा आवाज: शूल्य तुथे देला? मग साडूंचा, तरुण: येईल गं, चहा पिऊन येईल.

मुलीने कानातलं काढलं. "इज दॅट मी?" ती म्हणाली. "व्हॉट अ‍ॅम आय सेइंग?"

साडूंनी सांगितलं. तिने ते तोंडातल्या तोंडात घोळवलं आणि मग मोठ्याने, सावकाश म्हणाली, "सूऱ्या कुते गेला?"

"बरोबर," साडू म्हणाले, आणि तिच्या शेजारी जाऊन बसले.

चहा निवत गेला. जिन्याखालच्या त्या बॉक्समधली तीन वर्षांची मुलगी थांबायला तयार नव्हती, मराठीत एकामागून एक काहीतरी विचारतच होती.