टाकीपासून नोझलपर्यंत

“आधी कपडे उतरव, मंग बोल!”

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते मोताळ्याच्या आठवडी बाजारात, भर गर्दीत. मेथीच्या ढिगाशेजारी उभे राहून चाचा फोनवर ओरडत होते. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून फोन कायम स्पीकरवर आणि स्वतःचा आवाजही त्याच मापाचा. भाजीवालीनं तोंडाला पदर लावला. कॉलेजच्या दोन मुली हसू दाबत पुढे सटकल्या. चाचांचं लक्षच नव्हतं. “हाव, सदराबी अन् बनियनबी. साबण आहे का घरी? मंग फोन ठिव बाजूले अन् पहले आंग धू.” पलीकडून बादलीत तांब्या आपटल्याचा आवाज येईपर्यंत ते तसेच फोन हातात धरून उभे राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, “कपाशी फवारत होता. औषध पाठीवर सांडलं त्याच्या.”

चाचा धामणगाव बढ्याचे. फवारणीचे पंप दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. स्टँडजवळ पत्र्याची टपरी, आत पाठीवरच्या पंपांची रांग, चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली आणि सदऱ्याच्या दोन्ही खिशांत रबराचे वायसर, म्हणजे गळती रोखणाऱ्या चकत्या. सुपारी मागितली की आधी दोन-चार वायसर हातावर पडायचे, मग सुपारी. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. आपण त्यांना चाचा-काका म्हणून नाहीतर धंद्याच्या नावानंच ओळखतो आणि खरं नाव ते गेल्यावर श्रद्धांजलीच्या बोर्डावर वाचतो.

बीटी कपाशीचं बियाणं आलं तेव्हा चाचांची टपरी ओस पडली होती. आता अळी पडणार नाही, फवारा मारावा लागणार नाही, असं जो तो सांगत होता. “गाव हसत होतं अन् मी एकटा रडत होतो,” ते म्हणायचे. पुढे मावा-तुडतुडे वाढले, मागून बोंडअळी आली, आणि पंपांची रांग टपरीबाहेर रस्त्यापर्यंत गेली. लोक जास्त फवारू लागले, जहाल फवारू लागले, तीन-तीन औषधं एका टाकीत कालवू लागले. तेव्हा चाचा म्हणायचे, “आता धंदा जोरात आहे, त मलेच जेवण गोड लागत नाही.”

माझं मोताळ्यात छोटंसं कॉम्प्युटरचं दुकान आहे. झेरॉक्स, सातबारा, पीकविम्याचे फॉर्म. वेबसाइट बनवायचा कोर्स मी हौसेनं केला होता, पण इथे वेबसाइट हवी कोणाला? एक दिवस चाचा आले आणि म्हणाले, “बाबू, मोबाईलवर लोकं काहीबी इचारतात अन् त्याले उत्तर येते म्हणे. माहं उत्तर त्यात घालता येईन का?”

असे ते माझे पहिले गिऱ्हाईक झाले, आणि खरं सांगायचं तर शेवटचेही. त्यांनी बोलायचं, मी टाइप करायचं. पंप गळतो, नोझल तुंबलं, दांडा दाबला जात नाही, अशी एकेक पानं झाली. एक पान मात्र त्यांनी माझ्याकडून चार वेळा लिहून घेतलं. औषध अंगावर सांडलं तर काय करावं, याचं. आधी कपडे काढा. साबणानं अंग धुवा. मीठ-पाणी पाजून ओकायला लावू नका. औषधाची बाटली सोबत घ्या आणि सरळ सरकारी दवाखाना गाठा. सगळ्यात वर त्यांचा नंबर आणि पाठीवर पंप घेतलेला त्यांचा फोटो. फोटोसाठी त्यांनी केसांना मेंदी लावली होती. ती जरा जास्तच रंगली आणि आठ दिवस पोरं त्यांना नवरदेव म्हणत होती.

फोन यायला लागले. आधी तालुक्यातून, मग जालन्याकडून, खानदेशातून. पंपाबद्दल विचारणारे पुष्कळ, पण पावसाळा सरता सरता त्या एका पानावरून येणारे फोन वाढायचे. चाचा जेवत असोत की कोणाच्या लग्नात असोत, फोन उचलायचे आणि नाव-गाव विचारायच्या आधी तेच वाक्य म्हणायचे.

पुढे एका वर्षी बोंडअळीनं कहर केला होता. ऐन फवारणीत चाचा बाजारच्या दिवशी दुकानात आले.

“बाबू, फोन येऊन नाही राह्यले.”

माझ्याकडे फॉर्मवाल्यांची रांग होती. मी कॉम्प्युटरवर वेबसाइटचा पत्ता टाकला. पान झटकन उघडलं, मेंदीचा फोटो दिसला. “चालू आहे चाचा. लोक शिकले असतील आता.”

“असं एकदम सगळेच शिकले?” असं म्हणून ते गेले.

पुढच्या बाजाराला पुन्हा आले. या वेळी रांग संपेपर्यंत बाकावर बसून राहिले. मग म्हणाले, “पत्ता तुले माहीत आहे, म्हणून तू पोचला. ज्याले माहीतच नाही तो कसा येईन?”

मी शेजारच्या चहावाल्याचा मोबाईल मागितला आणि अनोळखी माणूस विचारेल तसं विचारलं. औषध अंगावर सांडलं, काय करावं? दोन-तीन पंप विकणाऱ्यांची नावं आली, औषधांच्या जाहिराती आल्या. चाचा कुठेच नव्हते.

दोन आठवड्यांमागे मी वेबसाइटचं सॉफ्टवेअर अपडेट केलं होतं. जुनं झालं, बदला, अशा सूचना येत होत्या, म्हणून केलं. आता सर्चवाल्यांचं तपासणीचं पान उघडलं, तर चाचांच्या एकूणएक पानापुढे लाल खूण. अपडेटनंतर पानांचे पत्ते बदलले होते. सर्चवाल्यांचा प्रोग्राम जुन्या पत्त्यावर येत होता आणि पान सापडत नाही असं लिहून परत जात होता. मी चाचांना समजावलं की मीटरचं रीडिंग घ्यायला माणूस येतो ना, तसा तो प्रोग्राम सगळी पानं पाहून जातो आणि मग लोकांना सांगतो. चाचांनी त्याला माणूसच धरलं.

मी जुन्या पत्त्यांवरून नव्या पत्त्यांकडे वाट जोडून दिली. पुन्हा तपासलं. लाल ते लालच. मी एकदा इथे, एकदा तिथे बटणं दाबत सुटलो. चाचा खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले.

“असा धावू नको. पंप बंद पडला की मी नोझल नाही खोलत पहले. टाकीपासून धरतो. टाकी, झाकण, जाळी, वायसर, नळी, मंग नोझल. एकेक सांधा. मधला सोडायचा नाही. तू कुठून सुरू केलं होतं त्या दिवशी? तिथून धर.”

मग आम्ही तसं केलं. मी त्या दिवशी काय काय केलं ते एकेक मोठ्यानं सांगत गेलो आणि ते प्रत्येक गोष्टीला विचारत गेले, “हे घट्ट केलं होतं? पाह्य बरं.” तिसऱ्या की चौथ्या सांध्याला ते सापडलं. अपडेट करताना अर्धवट पानं लोकांना दिसू नयेत म्हणून मी एका चौकोनात बरोबरची खूण केली होती. सर्चवाल्यांनी आत येऊ नये, अशी. काम झाल्यावर ती काढायची असते. मी ती काढलीच नव्हती.

“म्हणजे तो माणूस आला,” चाचा सावकाश म्हणाले, “अन् आपणच त्याले दारातून वापस पाठवलं?”

“हो.”

“किती दिवस?”

“सतरा.”

त्यांनी खिशातून एक वायसर काढला आणि बोटात फिरवत बसले. मी खूण काढली, पानं पुन्हा पाहून जा म्हणून विनंती पाठवली. “आता कवा येईन तो?” त्यांनी विचारलं. “सांगता येत नाही. दोन दिवस, कदाचित पंधरा.” “त्याले फोन नाही का लावता येत?” या प्रश्नाला एरवी मी हसलो असतो. त्या दिवशी हसलो नाही.

नवव्या दिवशी पान परत दिसायला लागलं. ते सांगायलाच मी चाचांना बोलावून घेतलं होतं. ते दुकानात बसलेले असतानाच फोन वाजला. स्पीकर चालूच होता. चाचा सवयीनं म्हणाले, “आधी कपडे उतरव, मंग बोल.”

पलीकडे बाई होती. ती म्हणाली, “मी फवारणीवाली नाही हो बाबा. फवारणी माह्या घरधन्यानं केली होती. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच वारले ते. पंधरा-वीस दिवस झाले आता. तुमचं हे आज सापडलं पोरीले. तवाबी तिनं पाह्यलं होतं मोबाईलवर. तवा निस्ते पंप इकणारेच येत होते.”

दुकानात झेरॉक्सला आलेले दोघं उभे होते. ते बाहेर जाऊन थांबले.

“एक इचारायचं होतं,” बाई म्हणाली. “त्याईले थंडी वाजत होती म्हणून मी वरून गोधडी टाकली. आंगातला सदरा वलाच होता. तुम्ही लिवलं, पहले कपडे काढा. मी नाही काढले. माह्यानं चुकलं का बाबा?”

चाचांनी फोन दोन्ही हातांत धरला होता.

“नाही बाई,” ते म्हणाले. “गोधडीनं काही नाही झालं. तू बराबर केलं.”

आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी ते बाजारात लोकांचं हसू सोसत ओरडत होते, तिच्या बरोब्बर उलट ते बोलले. फोन ठेवल्यावरही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“चाचा,” मी म्हणालो, “मी ती खूण काढली असती तर...” मी तिथेच रडलो, गिऱ्हाइकं दारात उभी असताना. त्या सव्वीस दिवसांतले सतरा दिवस माझे होते आणि वरचे नऊही माझेच होते.

तेव्हा त्यांनी मला ती गोष्ट सांगितली. कोणाला कधी सांगितली नव्हती. फार मागे त्यांच्याच हातचा एक पंप एका मजुराच्या पाठीवर गळला. टपरीवर घाई होती, एका वायसरवरचा नट हातानंच फिरवून ठेवला, पाना लावायचा राहिला. मजूर शेताच्या धुऱ्यावर, बांधावरच आडवा पडला. चाचा पोचले तेव्हा त्याच्याभोवती वीस माणसं जमली होती. “कोणी वारा घालत होतं, कोणी पाणी पाजत होतं, कोणी इचारत होतं, काय झालं रे, काय झालं. सगळे इचारत होते. वला सदरा त्याच्या आंगावर तसाच. कोणी काढला नाही. मी, मीबी इचारतच बसलो.”

“वाचला?”

त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

“मंग मी काय केलं? टपरी बंद नाही केली. बंद करून तो वापस येणार होता का? तवापासून प्रत्येक वायसर दोनदा पाहतो. तूबी पाहत जा.” आणि खिशातला वायसर माझ्या टेबलावर ठेवून ते एसटीला निघून गेले.

त्यानंतर चाचांना एक नवी खोड लागली. फवारणीचे दिवस आले की ते कोणाही अनोळखी माणसापुढे हात पसरायचे. “भाऊ, जरा मोबाईल द्या. पैसे नाही पाठवत कोणाले, नुसतं पाहतो.” स्टँडवर, दर्ग्यापाशी, अमडापूरला लेकीच्या सासरी गेले की तिथल्या पाहुण्यांतही. लोक संशयानं पाहायचे, काही जण सरळ नाही म्हणायचे. त्यांना वाचता फारसं येत नव्हतं, मेंदीचा फोटो दिसला की झालं. मग मला फोन करायचे, “सापडलं बे बाबू. तो माणूस येऊन गेला वाटते.”

मागच्या हिवाळ्यात पहाटे छातीत कळ आली आणि चाचा गेले. दहा-बारा दिवसांनी चाची माझ्या दुकानात आल्या. पिशवीतून त्यांनी तो फोन काढला. “हा वाजला की मले वाटते, आता ते ओरडतीन. मी काय सांगू लोकाईले? तूच ठिव.” वेबसाइटवरचा नंबर बदलणं मला पाच मिनिटांचं काम होतं. मी बदलला नाही. फोन ठेवून घेतला.

परवा फवारणी सुरू झाली. बाजारच्या दिवशी मी दुकान बंद करून मेथीवाल्यांच्या ओळीत गेलो. पंपाची नळी खांद्यावर टाकलेला एक माणूस उभा होता. माझा हात पुढे होईना, लाज वाटत होती. शेवटी म्हणालो, “भाऊ, जरा मोबाईल देता? पैसे पाठवत नाही कोणाला. नुसतं पाहतो.”

त्यानं मला खालीवर पाहिलं आणि दिला. मी विचारलं. पहिल्याच ओळीत ते होते, पाठीवर पंप आणि लालभडक केस. मी मोबाईल परत केला तर तो वाचत राहिला, ओठ हलवत, अगदी खालपर्यंत. “हे कामाचं आहे,” तो म्हणाला. “हा नंबर लागते का खरंच?” आणि मी काही बोलायच्या आत त्यानं तो लावला.

माझ्या खिशात चाचांचा फोन वाजायला लागला.

त्यानं आधी माझ्या खिशाकडे पाहिलं, मग फोटोकडे, मग माझ्याकडे. “तुम्हीच का ते?”

“नाही,” मी म्हणालो. “ते गेले. पण बोला तुम्ही.”

तो जरा घुटमळला. मग त्यानं पाठ वळवून दाखवली. सदऱ्यावर कमरेपासून खांद्यापर्यंत ओला पट्टा होता. “सकाळी जरा गळला पंप,” तो म्हणाला. “कायले इचारता, वाळून जाईन.”

माझा आवाज इतका मोठा आहे हे मला माहीत नव्हतं. आख्खी मेथीची ओळ आमच्याकडे बघायला लागली.