मान हलवणं म्हणजे होकार नव्हे

नांदेडच्या डॉक्टरांनी बाबांचे कागद माझ्याकडे परत दिले आणि आता घरी न्या म्हणाले, तेव्हा मी त्यांच्याशी घासाघीस केली. मी शेळ्यांचा व्यापार करते. पहिला शब्द ऐकून परत फिरायची मला सवय नाही. अजून एखादं औषध असेल, याहून मोठा दवाखाना असेल, असं मी विचारतच राहिले. तोंडातला कॅन्सर गळ्यात उतरलाय, आता त्रास कमी करणं एवढंच हातात आहे, असं ते शांतपणे म्हणाले. मी टेबलावर हात आपटला. बाबांनीच माझं मनगट धरून मला बाहेर आणलं. त्यांचा आवाज जाऊन तेव्हा पंधरा दिवस झाले होते.

मग मी देवाशी घासाघीस सुरू केली. दर रविवारी हिंगोलीहून चर्चचे पाळक आमच्या घरी प्रार्थनेला यायचे. देवाशी असं बोललं तर चालतं का, हे मी त्यांनाच विचारलं. त्यांनी एका म्हाताऱ्याची जुनी गोष्ट सांगितली. पन्नास चांगली माणसं सापडली तर हे शहर राखशील का, इथपासून तो देवाशी बोलायला लागला आणि उतरवत उतरवत दहावर आला. म्हातारा मला आवडला. शहर वाचलं का, मी विचारलं. नाही, पाळक म्हणाले, पण देवानं त्याचं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मला तेव्हा रागच आला. नुसतं ऐकून घेणाऱ्याचा मला काय उपयोग? तरी रोज पहाटे मी पुन्हा बोलायला बसत होते. आणि बोलून उठलं की बाबांच्या गळ्यावरची जखम मी तोंड न फिरवता धुऊ शकायचे. आधी ते जमत नव्हतं.

बाबा बैलबाजारातले दलाल. त्यांची दारू प्रार्थनेनं सुटली, हे सगळ्या गावानं पाहिलं, पण बाप्तिस्मा घेतला तेव्हा भावकीनं पाठ फिरवली. माझा मोठा भाऊही त्यांच्यातच गेला. त्याच्या मुलीचं लग्न झालं, तेव्हा बाबांना पत्रिका आली नाही. धुतलेलं धोतर नेसून ते दिवसभर ओट्यावर बसले होते, कुणी बोलवायला येईल म्हणून. वाजंत्री आमच्या दारावरून गेली. हे मी विसरलेले नाही आणि विसरायचा माझा विचारही नाही.

बाबांचे दिवस भरत आले, तसा दादा घरी यायला लागला. त्याचं म्हणणं एकच. बाबांना एकदा देवीच्या ठाण्यावर न्यायचं, भावकीसमोर कुंकू लावून घ्यायचं, म्हणजे मागचं सगळं मिटेल. नाही तर मयताला कुणी खांदा देणार नाही आणि गावच्या मसणवट्यात जागाही मिळणार नाही. दादा खोटं बोलत नव्हता. त्याची दुसरी मुलगी लग्नाची होती, त्यालाही भावकी लागत होती. मी त्याला दोनदा हाकलून दिलं.

तिसऱ्यांदा तो मी औंढ्याच्या बाजाराला गेल्याचं पाहून आला. दुपारी परतले तर ओट्यावर दादा आणि आमचा चुलता बसलेले. चुलता भावकीतला कर्ता माणूस. दुसऱ्या दिवशीसाठी जीप सांगून झाली होती.

"बाई, बाबा व्हय म्हणले," दादा म्हणाला. "तीनदा विचारलं, तीनदा मान हलवली. काकाच्या समोर."

मी आत पाहिलं. बाबा खाटेवर डोळे मिटून पडले होते. माझ्या डोक्यात जाळ झाला, पण त्या जाळातही एक गोष्ट मला दिसली.

"दादा, तू दलालाचा पोरगा हायस का कुणाचा?" मी म्हटलं. "दलाल मान हलवून राहिला म्हणजे निस्ता ऐकून राहिला. मान हलवल्यावर कोण बैल सोडून नेतं का?"

बैलबाजारात सौदा तोंडानं होत नाही. दलाल आणि गिऱ्हाईक उपरण्याखाली हात घालतात आणि बोटं दाबून बोलतात. बाजूला शंभर माणसं उभी असली तरी आतलं त्या दोघांनाच कळतं. अख्खा पंजा दाबला की सौदा पटला. मूठ मिटून हात काढून घेतला की मोडला. मी सासर सोडून माहेरी आले, तेव्हा बाबांनी मला दोन शेळ्या आणि ही बोटांची भाषा दिली. बायका बाजारात असे हात धरत नाहीत, पण आतमध्ये काय चाललंय हे खांद्याच्या हालचालीवरून ओळखायला मी तिथंच शिकले. दादालाही ही भाषा येत होती. शाळेत नोकरी लागल्यावर त्यानं ती सोडली.

"आता मरायला टेकलेल्या माणसाकून बाजार करून घेती काय?" चुलता म्हणाला.

"त्याहिची तीच बोली हाय, काका. तोंड बंद पडल्यावरच तर तुमी विचारायला आलात."

मी टॉवेल आणला आणि दादाच्या अंगावर टाकला. तूच हात धर म्हणाले, तूच विचार. मी धरला तर उद्या म्हणशील, बाईनं दाबून घेतलं.

खरं सांगायचं तर बाबा काय म्हणतील हे मला माहीत नव्हतं. ते थकले होते. लेकाच्या दारात परत जाता येईल, नातवंडं बघायला मिळतील, एवढ्यासाठी माणूस पंजा दाबू शकतो. आणि दाबला असता तर मला जीप अडवता आली नसती, कारण सौदा मीच लावला होता. ज्याचा शेवट माहीत नाही अशा व्यवहारात मी जन्मात पडले नव्हते. मी चुलीजवळच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिले आणि मनात म्हटलं, येशू, त्यांना दारूतून तू ओढून काढलंस, आता धरायचं की सोडायचं तेही तूच बघ. दुसरं काही मागितलं नाही. देवाशी घासाघीस न करता मी पहिल्यांदाच उभी होते.

दादानं टॉवेलाखाली हात घातला. "बाबा, उद्या देवीला चलता ना?"

बाबांनी डोळे उघडले. मान पुन्हा हलली, तशीच, सवयीनं. मग त्यांचा खांदा मागे सरला.

दादानं टॉवेलाखालून हात बाहेर काढला.

"काय म्हणला?" चुलत्यानं विचारलं.

आतलं आम्हा कुणाला दिसलं नव्हतं. खांदा फक्त मी पाहिला होता, आणि माझं कुणी ऐकलं नसतं. दादा 'व्हय' म्हणाला असता तर तेच खरं ठरलं असतं.

"न्हाई म्हणले," दादा म्हणाला. "मूठ मिटली."

चुलता चपला घालून निघून गेला. जीप आली नाही.

बाबा त्यानंतर नऊ दिवस होते. शेवटच्या पहाटे मी प्रार्थना म्हणत होते आणि ते माझ्याकडे बघत होते. बघता बघता गेले. मसणवट्यात जागा नाही, असा निरोप भावकीनं सकाळीच धाडला. मी उलट निरोप पाठवला, मागितली कुणी? डोंगरकडा गावाच्या रस्त्याला माझी स्वतःच्या कमाईची जमीन आहे. तिथं खड्डा खणला. खांदा द्यायला हिंगोलीहून पाळकांसोबत चर्चमधले सात विश्वासी आले.

रस्त्यावर बघायला बरीच माणसं थांबली होती. पाळक चांगले, पण भिडस्त. हळू आवाजात म्हणाले, ताई, लोक बघून राहिले, थोडक्यात आटपू का? मी म्हणाले, न्हाई. सगळी प्रार्थना होईल आणि सगळी गाणी होतील. बाजाराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला हाक मारायची मला सवय, त्याच आवाजात मी पहिलं गाणं सुरू केलं. रस्त्यावरची कुजबुज थांबली.

दुसरं गाणं चालू असताना दादा बांधावरून उतरून आला. एकटाच. लग्नाचं मी त्याला माफ केलेलं नव्हतं, आजही पुरतं केलेलं नाही. दर रविवारी त्यासाठी गुडघे टेकते आणि बाजाराच्या दिवशी पुन्हा जीव जळतो. पण टॉवेलाखालचं तो खरं बोलला होता, हेही मला नाकारता येत नाही.

तो माझ्या शेजारी येऊन थांबला. "बाई, मला तुमची गाणी येत न्हाईत."

"येत न्हाईत तर गप उभा राहा," मी म्हणाले, आणि पुढचं कडवं धरलं.