'ळ'वरची टिकली

कीबोर्डमधले सेल फुटलेत हे कळलं तेव्हा घरातल्या सगळ्यांचे चेहरे पडले आणि माझा खुलला. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, कारण दुसऱ्याचं नुकसान बघून आपण खूश होणं बरं दिसत नाही. पण झाले होते खरी. रविवारची सकाळ, जानेवारीतलं ऊन आमच्या आर. के. पुरमच्या क्वार्टरच्या गॅलरीत नुकतं येऊन टेकलेलं. सासरे खुर्चीत बसले होते, त्यांच्या मांडीवर कीबोर्ड पालथा पडला होता, आणि सेलच्या झाकणाच्या फटीतून पांढरी पूड बाहेर आली होती. कडेला तिला हिरवट-निळी झाक होती. सासऱ्यांना ती दिसली नाही, बोटांना लागली. "हे मीठ कुठून आलं?" त्यांनी विचारलं.

मी आधी त्यांचे हात साबणाने खसखसून धुवायला लावले आणि मग कीबोर्ड उजेडात नेऊन बघत बसले. मी रसायनशास्त्राची बी.एस्सी. आहे. लग्न होऊन दिल्लीला आले त्याला चोवीस वर्षं झाली, आणि या चोवीस वर्षांत एका माणसाने मला रसायनशास्त्रातलं काही विचारलेलं नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, माझं तर पिकलेलंही कोणाला माहीत नव्हतं. घरातले सगळे अर्ज सासरे टाइप करायचे, आणि माझ्या नावापुढे न विचारता टाइप व्हायचं, 'व्यवसाय : गृहिणी'. त्यात खोटं काही नव्हतं. पण शिक्षणाचाही एक रकाना असू शकतो, हे त्यांच्या गावीही नसावं असं मी धरून चालले होते.

सासरे जन्मभर केंद्र सरकारच्या एका कचेरीत स्टेनो होते. सरकारी हिंदीत आशुलिपिक, मराठीत लघुलेखक, आणि सासूबाईंच्या भाषेत 'टकटक'. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांच्या नजरेचा मधला भाग गेला. समोरच्याचा चेहरा दिसत नाही, त्याच्या बाजूची भिंत दिसते. त्यांचा एक जुना मित्र फरीदाबादला मुलाकडे राहतो, तोही मराठी, एकाच कचेरीतला. त्याचे कान गेलेत. म्हणजे एकाला फोन ऐकू येत नाही आणि दुसऱ्याला कागद दिसत नाही. दोघांच्या मध्ये उरला होता तो फक्त हा कीबोर्ड. सासरे ईमेल टाइप करायचे, मित्राचं उत्तर आलं की मी मोठ्याने वाचून दाखवायची.

डोळ्यांशिवाय टाइप करणं त्यांना अवघड नव्हतं, कारण नवऱ्याने लॅपटॉपमध्ये जुन्या टाइपरायटरचीच अक्षरं बसवून दिली होती आणि ती बोटांना पाठ होती. अडलं ते एकाच अक्षरापाशी. आयुष्य हिंदी टाइप करण्यात गेलं आणि हिंदीत 'ळ' लागत नाही. त्यामुळे त्यांच्या बोटांना सगळी अक्षरं सापडायची आणि 'ळ' सापडायचा नाही. मित्राला 'केळी' लिहायला जायचे आणि भलतंच उमटायचं. शेवटी सासूबाईंनी एक दिवस आपल्या पाकिटातली मखमली टिकली काढली आणि त्या बटणावर चिकटवली. "आता चाचपा," म्हणाल्या. त्यानंतर 'ळ' कधी चुकला नाही.

सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांनी टाइप करणं सोडलं. मित्राची दोन पत्रं आली, मी वाचून दाखवली, ते नुसतं हं म्हणाले. मीच कीबोर्ड फडक्यात गुंडाळून कपाटावर ठेवला. ठेवताना सेल काढायचे असतात हे रसायनशास्त्राच्या पदवीधर बाईला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. दोन वर्षं तो तसाच पडून राहिला.

आणि मग त्या रविवारी सकाळी फरीदाबादहून ईमेल आलं. मी चहा घेता घेता वाचून दाखवलं. "कान गेलेच होते, आता गुडघेही गेले. तू जिवंत असशील तर कळव. नसशील तर सुनेला कळवायला सांग." सासरे हसले. चांगले खांदे हलेपर्यंत हसले. आणि म्हणाले, "अगं, तो कीबोर्ड काढ."

त्या एका वाक्याने मला काय वाटलं ते कसं सांगू? दोन वर्षांत या माणसाने काही मागितलं नव्हतं. काहीही विचारलं की त्यांचं उत्तर ठरलेलं, "राहू दे." फिरायला जायचं? राहू दे. रेडिओ लावू? राहू दे. आणि एकदा राहू दे म्हटलेली गोष्ट ते पुन्हा काढत नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. म्हणून कीबोर्डमधून पूड गळताना बघून मनात आधी आनंद झाला असला तरी त्याच्या पाठोपाठ भीतीही आली. हे आज जमलं नाही तर फरीदाबादचा धागा कायमचा तुटणार होता.

नवऱ्याने आपला उपाय केला. "फेक ना तो, यार," म्हणाला आणि फोनवर नवा मागवला. दहा-बारा मिनिटांत तो घरी हजर. सासऱ्यांनी त्याच्यावरून बोटं फिरवली. बटणं पातळ, गुळगुळीत, एकमेकांत मिसळलेली. त्यांनी तो हळूच बाजूला सरकवला. मग नवरा म्हणाला की बाबा, तुम्ही नुसतं बोला, फोन आपोआप लिहून घेतो. यावर मात्र सासरे ताठ बसले.

"दुसऱ्यांनी सांगितलेलं मी चौतीस वर्षं उतरवून घेतलं," ते म्हणाले. "आता मी सांगायचं आणि यंत्राने उतरवायचं, हे मला जमायचं नाही."

आता पुढचे दोन शब्द कोणते येणार ते मला माहीत होतं, म्हणून ते यायच्या आत मी कीबोर्ड उचलून गॅलरीतल्या टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना बाजूला व्हायला सांगितलं.

मुलगी अकरावीत, सायन्सला. तिने तोवर फोनवर बघून निकालही लावला होता. "मम्मा, ॲसिड लीक झालंय. बेकिंग सोडा टाकायचा, बिल्कुल साफ होतं." आणि सोड्याचा डबा घेऊन उभी. मी तिचा हात वरच्या वर धरला. गाडीच्या बॅटरीत ॲसिड असतं, तिथे सोडा ठीक. पण या छोट्या सेलच्या दोन जाती असतात. एकीतून पाझरतं ते आंबट आणि दुसरीतून पाझरतो तो खार. खारावर सोडा टाकणं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. जात सेलवर छापलेली असते, पण पुडीने झाकण चिकटून बसलं होतं आणि आतले सेल दिसतच नव्हते. म्हणजे तपासून बघितल्याशिवाय काही टाकायचं नाही. आणि रविवारी सकाळी दिल्लीत लिटमस कागद कुठून आणू?

मग मला हळद आठवली. आठवीत आमच्या बाईंनी गाळणकागद हळदीत बुडवून वाळवायला लावला होता आणि त्यावर चुन्याच्या निवळीचा थेंब सोडला होता. कागदावर कुंकू उमटलं होतं. मी धावत स्वयंपाकघरात गेले, वाटीत हळद कालवली, टिश्यू पेपर बुडवला, आणि उन्हात वाळवण्याइतका धीर नव्हता म्हणून गरम तव्याशेजारी धरला. केसांच्या डायबरोबर आलेले प्लॅस्टिकचे हातमोजे चढवले, चष्मा लावला. मी डाय करते हे त्या दिवशी नवऱ्यासमोर उघड झालं, पण त्याला इलाज नव्हता.

कान साफ करायची कापसाची काडी ओली करून मी तिच्यावर चिमूटभर पूड घेतली आणि पिवळ्या कागदावर टेकवली. क्षणभर काही नाही. मग काडीभोवती तांबडं वर्तुळ उमटलं आणि पसरत गेलं. तेच ते आठवीतलं कुंकू. मला नाचावंसं वाटलं. आणि तोंडातून इतक्या वर्षांत न उच्चारलेला शब्द बाहेर पडला, "आम्लारी."

"अलमारी?" मुलगी म्हणाली. "अलमारीत काय आहे?"

दिल्लीत वाढलेल्या मुलीला आम्लारी कुठून माहीत असणार? तिच्या पुस्तकात त्याला बेस म्हणतात. मी सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात खुर्चीतून सासरेच बोलले. "अलमारी नव्हे गं. आम्ल अधिक अरि. मुरारी म्हणजे मुराचा शत्रू, तसा हा आम्लाचा शत्रू."

हा शब्द मी लाख वेळा घोकला होता, परीक्षेत लिहिला होता, पण फोडून कधी पाहिला नव्हता. उपाय त्या शब्दातच लिहिलेला होता. शत्रू आम्लाचा आहे ना, मग त्याच्यावर आम्लच सोडायचं.

सासऱ्यांनी आमसूल सुचवलं, सासूबाई तांब्याची भांडी त्यानेच घासायच्या. पण आमसुलाचा डाग पडतो. लिंबाचा रस चिकट. शेवटी मुलीच्या चाऊमीनसाठी आणलेलं पांढरं व्हिनेगर कामी आलं. सासऱ्यांची अट एकच होती, टिकली भिजता कामा नये. म्हणून नवऱ्याने कीबोर्ड असा तिरपा धरला की ओघळ आला तर तो बटणांकडे न जाता बाहेर पडावा.

पहिला थेंब झाकणाच्या फटीवर टेकवला आणि फसफस सुरू झाली. बारीक बारीक बुडबुडे, ऐकू येतील इतके. "काय झालं? सांगा ना," सासरे म्हणाले, आणि मग मी आणि मुलीने मिळून त्यांना सगळं सांगायला सुरुवात केली. झाकण निघालं. पहिला सेल आईस्क्रीमच्या काडीने उचलला, तो सुटून आला. दुसरा फुगलाय, स्प्रिंगला चिकटलाय. रेडिओवरची मॅच ऐकावी तसे ते मान कलती करून ऐकत होते. "फेक ना" म्हणणारा नवरा श्वास रोखून कीबोर्ड धरून उभा होता.

दुसऱ्या सेलने माझा अंत पाहिला. ओढला असता तर स्प्रिंग तुटली असती आणि सगळंच संपलं असतं. मी स्वभावाने उतावळी, पण त्या दिवशी थेंब टाकायची, थांबायची, अर्धा वळसा फिरवायची, पुन्हा थेंब टाकायची. मध्येच कट् असा आवाज झाला. स्प्रिंग नव्हती, वरचा खपला फुटला होता. सेल माझ्या हातात आला. मी तो बक्षीस मिळाल्यासारखा वर धरला.

मग स्प्रिंग नखांच्या कानशीने घासली, सॅनिटायझरने पुसली. शेवटची काडी फिरवून हळदीच्या दुसऱ्या कागदावर टेकवली. हळद पिवळीच राहिली. मुलगी म्हणाली, "मम्मा, तू हे प्रोफेशनली का नाही करत?" मी टीव्हीच्या रिमोटमधले सेल काढून कीबोर्डमध्ये घातले आणि बटण सरकवलं.

दिवा लागला नाही.

पुन्हा सरकवलं. नाही. सासऱ्यांना शांततेवरूनच कळलं. त्यांनी गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, "राहू..."

"बाबा, थांबा," मी म्हणाले. चोवीस वर्षांत मी त्यांचं वाक्य पहिल्यांदाच तोडलं. घासून घासून स्प्रिंग आत दबली होती, सेलला टेकत नव्हती, एवढंच. भुवयांच्या चिमट्याने ती जराशी वर ओढली. सेल घातले. कोपऱ्यात हिरवा दिवा दोनदा लुकलुकला. मुलीने टाळ्या पिटल्या, आणि मी, वयाला न शोभेल अशी, नवऱ्याच्या पाठीत जोरात थाप मारली.

सासऱ्यांनी कीबोर्ड मांडीवर घेतला आणि आधी टिकली चाचपून पाहिली. कोरडी होती. मग ते म्हणाले, तुम्ही सगळे जा, हिला फक्त बसू दे, चुका बघायला. मी लॅपटॉप गॅलरीत आणला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवून त्यांच्या शेजारी बसले. बोटं सुरुवातीला अडखळली, दोन-तीन ओळींत लयीत आली. टकटक, टकटक. दोन वर्षांनी तो आवाज घरात आला तेव्हा माझे डोळे भरून आले, म्हणून मी स्क्रीनकडे न बघता खाली रस्त्यावरच्या बसकडे बघत राहिले.

शेवटी बोटं एके ठिकाणी थांबली. हळूच सरकत टिकलीवर गेली, तिथे जरा टेकली, मग बटण दाबलं गेलं. आणखी दोन-तीन शब्द, आणि ते म्हणाले, "वाच."

मी वाचायला लागले. "प्रिय मित्रा, जिवंत आहे. कीबोर्ड मेला होता. सुनेने हळद आणि व्हिनेगर लावून उठवला. ती रसायनशास्त्राची बी.एस्सी. आहे, पहिल्या वर्गात. आमच्या घरी आली तेव्हा तिने मला गुणपत्रिका दाखवली होती. हे तुला..."

पुढचं मला वाचता येईना. गुणपत्रिका दाखवलेली माझी मीच विसरले होते. समोर तीन शब्द होते, 'कळवायचं राहून गेलं'.

सासऱ्यांनी मान कलती केली. मग विचारलं, "का थांबलीस? 'ळ' चुकला का?"

"नाही बाबा," मी म्हणाले. "बरोबर पडलाय."