कांद्याच्या चार मसेमेन

ही गोष्ट मी बायकोलाही सांगितलेली नाही. आठ वर्षांपूर्वी एका रविवारी, शेजारच्या आजींनी हौसेनं करून दिलेल्या चार मसेमेन मी आवारातल्या ओल्या कचऱ्याच्या पिंपात टाकल्या.

आजी मोरोक्कोच्या. जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या आमच्या इमारतीत त्या खालच्या मजल्यावर राहतात. मसेमेन म्हणजे रवा-मैद्याची चौकोनी घडीची पोळी; आपल्या घडीच्या पोळीची लाडावलेली थोरली बहीण. वर लोणी आणि मध. दर रविवारी नऊच्या सुमारास बेल वाजायची, नाहीतर आम्हालाच खाली बोलावणं यायचं. खाली सगळ्यांचं मिळून एकच ताट. पण ज्यानं त्यानं आपल्यापुढचंच खायचं. पुदिन्याचा चहा आजी हात खांद्यापर्यंत नेऊन ओतायच्या.

"फेस नाही आला तर तो चहा नाही," त्या म्हणायच्या, "ते सर्दीचं औषध."

त्या रविवारी बायको मुलीला घेऊन पुण्याला गेलेली. आजींनी दिलेली मसेमेन नेहमीची नव्हती. आत कांदा, तांबूस मसाला आणि काहीतरी चकाकणारं. ऑफिसात कुणीतरी म्हणालं होतं, यात गुरांची चरबी घालतात. आम्ही शाकाहारी. विचारायला एक जिना उतरायचा होता. विचारलं तर त्यांना वाईट वाटेल, असं मी स्वतःला समजावलं. खरं सांगायचं तर मी त्यांना विचारण्याआधीच त्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही असं ठरवून टाकलं होतं.

दुपारी खिडकीतून पाहिलं. आजी सालं टाकायला पिंपापाशी आल्या, झाकण उघडलं आणि थांबल्या. वाकून त्यांनी चारही पोळ्या बाहेर काढल्या. एकेक झटकली, ओठांना लावली, मग कपाळाला, आणि पाखरांसाठी भिंतीवर ठेवली. मी पडद्यामागे सरकलो.

पुढच्या रविवारी बेल वाजली. ताटलीत चाराऐवजी दोन.

"एकट्याला दोन पुरेत. गेनाऊ? बरोबर ना?" आजी म्हणाल्या, आणि नेहमीसारखंच हसल्या.

बायको परत आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, त्या कांद्याच्या पोळीत चरबी असते का गं?

"अहो, आपल्यासाठी त्या लोणी घालतात," ती म्हणाली. "राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी मला विचारून घेतलं होतं, आपण काय खात नाही ते. आपला तवासुद्धा वेगळा ठेवलाय त्यांनी. तुम्हाला बोलले होते की मी."

"असशील बोललेली," मी म्हणालो.

त्यानंतर आठ वर्षं मी त्यांच्या हातचं पोटभर खाल्लं. त्यांच्या औषधाच्या चिठ्ठ्या आणल्या, सरकारी पत्रं वाचून दाखवली. दर वेळी वाटायचं, आज सांगावं. मग चहा यायचा.

महिनाअखेर आजी मुलीकडे बर्लिनला चालल्यात, कायमच्या. काल त्यांनी तो तवा कागदात गुंडाळून माझ्या हातात दिला. "वर घेऊन जा. तुमचाच आहे."

तवा ओट्यावर आहे. त्या पोळ्या मी टाकल्या, आणि न विचारता टाकल्या, एवढं त्यांच्यासमोर बसून सांगणं माझ्याकडून अजून राहिलेलं आहे.