आबांवरचा गुळाचा आळ

माझ्या सासऱ्यांना, म्हणजे आबांना, साखरेचा आजार. रोज सकाळी न्याहारीआधी त्यांच्या पोटात इन्सुलिनची सुई टोचायचं काम चार वर्षं माझ्याकडं आहे. शिकवणाऱ्या नर्सबाईंनी जागा बदलत राहायला सांगितलं होतं. पण आबा सुईला भितात. बेंबीच्या डाव्या अंगाला एक जागा अशी होती, की तिथं टोचलेलं त्यांना कळायचंसुद्धा नाही. मग मी तिथंच टोचायची. म्हाताऱ्या माणसाला त्रास नको, आणि मलाही धारा, डबे, सकाळची घाई.

यंदा त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. बारामतीला तपासायला नेलं, तर साखर वाढलेली, म्हणून ऑपरेशन पुढं ढकललं. औषध वाढवून महिन्यानं परत गेलो, तरी तीच गत. डॉक्टर म्हणाले, "आबा, खाण्यावर ताबा ठेवा." झालं, माझं डोकंच फिरलं. आमच्या गावात, कऱ्हाटीत, आमच्या रानाला लागूनच भावकीचं गुऱ्हाळ आहे. आबा दुपारभर तिथं बसायचे, आणि ताजा गूळ निघाला की तिथली माणसं आल्यागेल्याला चाखायला देतातच.

घरी आल्यावर विचारलं, "आबा, खरं सांगा, गूळ खाताय का न्हाय?"

"न्हाय गं. नुसता बसतोय मी तितं."

"खाई त्याला खवखवे," मी तोंडावर म्हणाले. माझ्या तोंडाला लगाम नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचं गुऱ्हाळावर जाणं मी बंद केलं. वर तिथं निरोपही धाडला, आबांना गूळ देऊ नका म्हणून. दोन दिवसांत गावभर झालं.  आबा दुपारी ओट्यावर गुऱ्हाळाकडं पाठ करून बसायचे. मला वाटायचं, बरी खोड मोडली.

तिसऱ्या खेपेला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी त्यांना सदरा वर करायला लावला. डाव्या अंगाला बोटं फिरवली आणि माझा हात धरून तिथं ठेवला. कातडीखाली लिंबाएवढी गाठ, रबरासारखी. रोज बघत होते, पण सुटलेलं पोट समजून कधी दाबून पाहिलं नव्हतं. बाई म्हणाल्या, एकाच जागी टोचत गेलं की अशी गाठ होते. तिथं दुखत नाही, पण औषधही अंगाला नीट लागत नाही. डॉक्टरांनी जागा बदलायला सांगितली. नव्या जागी औषध एकदम जोर करेल म्हणून डोसही कमी केला.

चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर मीच. फार लाज वाटली.

दुसऱ्या सकाळी सुई घेऊन त्यांच्यापुढं बसले. "आबा, चुकलं माझं. आजपासून गुऱ्हाळावर जात जावा."

"मी न्हाय म्हटलं हुतं," आबा म्हणाले. "तुला वाटलं, म्हातारा खोटं बोलतोय."

 त्यांनी सदरा वर केला आणि उजवी बाजू माझ्यापुढं केली. सुई लागताच ते कळवळले, पण अंग मागं घेतलं नाही.