आ आंब्याचा

माझी बहीण गेली तेव्हा तिची मुलगी साडेतीन वर्षांची होती. मुलीचे वडील त्याआधीच सोडून गेलेले. भाची माझ्याकडे नवीन पनवेलला आली आणि रोजचा चहा उतू घालवणारा, एकटा राहणारा मी एकदम पालक झालो.

सेक्टरमधल्या बालवाडीत तिला घातलं, तेव्हा मी बाईंना बाजूला घेऊन म्हणालो, "हिच्यासमोर 'आई' हा शब्द शक्यतो नको."

"अहो, मराठी बालवाडी आहे ही. 'आ'वर पोचले की काय करू?"

त्याचाही विचार मी करून ठेवला होता. दुसऱ्या दिवशी आंब्याचं चित्र नेलं आणि भिंतीवरच्या तक्त्यातल्या आईवर स्वतःच्या हाताने चिकटवलं. परत येताना आपण फार हळव्या मनाचे आहोत, असं मला वाटत होतं.

काही दिवसांनी जिना चढताना माझा अंगठा पायरीला ठेचकाळला.

"आई गं..."

भाचीने खाली ओढून माझं तोंडच दाबलं. "मामा, असं नाही बोलायचं. वाईट शब्द आहे."

"कोणी सांगितलं?"

"कोणी बोललं की बाई शू करतात. घसरगुंडीवरून पडलं तरी नाही बोलायचं."

"मग 'बाप रे' म्हणावं," मी म्हणालो आणि जीभ चावली. शब्द निवडण्यात माझा हात कोण धरणार!

"मी काहीच नाही म्हणत," ती म्हणाली आणि ओठ घट्ट मिटून दाखवले. तेव्हा कुठे तिच्या गुडघ्यावरची खपली मला दिसली. ती कधी पडली होती, मला पत्ताच नव्हता.

सकाळी मी आंबा काढायला गेलो. डिंक मीच सढळ हाताने लावलेला. अर्धाच आंबा निघाला, तोही आईचा अर्धा पदर घेऊनच.

"राहू द्या मामा," बाई म्हणाल्या. "उरलेला आंबा आईच्या हातात दिलाय, असं सांगते मुलांना."

दुपारी घरी येताना भाची रस्त्याच्या कडेला अडखळली. ओठ मिटून माझ्याकडे बघत राहिली.

"म्हण," मी म्हणालो. "वाईट नाही तो शब्द. मामाचं चुकलं."

"आई गं," ती हळूच म्हणाली. मग जरा मोठ्याने. फारसं लागलं नव्हतं, पण घर येईपर्यंत ती थांबली नाही. समोरून येणारे लोक, मीच पोरीला बदडलं असावं, अशा नजरेने माझ्याकडे बघत होते. मी कोणालाच काही समजावलं नाही.