डॉक्टर नसलेली रोझलिन

"नमस्कार, मी रोझलिन स्वारब्रिक. फिजिशियन असोसिएटचं शिक्षण घेते आहे. मी डॉक्टर नाही."

हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन. आमच्या दवाखान्याच्या भिंती पातळ, आणि माझं टेबल बरोबर तिच्या खोलीबाहेर. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या फ्लीटवुडमधल्या या दवाखान्यात सव्वीस वर्षं मी येणाऱ्यांची नावं लिहून घेते. सकाळी आठला फोन वाजायला लागतात, साडेआठला दिवसभराच्या सगळ्या वेळा संपतात आणि उरलेला दिवस मी शिव्या खाते. कोण खरंच आजारी आहे आणि कोण उगाच आलंय हे मला डॉक्टरांच्या आधी कळतं, असं माझं मत आहे. डॉक्टर हेस्केथबाईंचं तसं मत नाही.

रोझलिन पहिल्या दिवशी आली तेव्हा मला ती मुळीच आवडली नव्हती. आधीच लोक डॉक्टर भेटत नाहीत म्हणून माझ्या डोक्यावर बसतात, त्यात ही नवी भानगड.

"म्हणजे तू अर्धी डॉक्टर का?" मी विचारलं.

"अर्धी नाही. डॉक्टरच नाही. पेशंटला मी तपासणार, मला काय वाटतं ते डॉक्टरांना सांगणार. औषधाच्या चिठ्ठीवर सही त्यांची."

"मग तुझा उपयोग काय?"

"ते शिकून झालं की सांगते," असं म्हणून तिने कोट खुंटीला अडकवला. जिभेला धार होती म्हणायची, पण ती फक्त माझ्यापुरती. पेशंट समोर बसला की बाई मुकी.

वय त्रेचाळीस. एकोणीस वर्षं तिने एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात, रक्त तपासायच्या लॅबमध्ये काढलेली. तिथे माणूस दिसतच नाही, दिसतात बाटल्या. एकदा एका बाटलीत पोटॅशियम जीवघेणं वाढलेलं निघालं. तिने वॉर्डमध्ये नऊ वेळा फोन केला, कुणी उचलला नाही. शेवटी कागद हातात धरून ती पाच जिने धावत वर गेली. नर्सच्या हातात कागद दिला, आणि मग ज्याचं रक्त होतं त्या माणसाकडे तिने वळून पाहिलं. तो अंथरुणावर बसून पुडिंग खात होता. तिला बघून म्हणाला, "ताट न्यायला आलीस का गं? जरा थांब, थोडंच राहिलंय."

"एकोणीस वर्षांत मी पहिल्यांदा कुणाचा तरी चेहरा बघितला, पॉलीन," ती मला म्हणाली होती. "त्यानंतर तळघरात जीव रमेना." विज्ञानाची पदवी हाताशी होतीच. नोकरी सोडली आणि दोन वर्षांच्या शिक्षणाला नाव घातलं. वर्गातल्या पोरी तिच्या निम्म्या वयाच्या. त्या रात्रीत धडा पाठ करायच्या. ही पहाटे पाचला उठून तोच धडा तीनदा वाचायची, आणि नवऱ्यावर सराव करायची.

नवरा कीथ ट्राम चालवतो. दवाखान्यासमोरच्या थांब्यावर त्याची ट्राम दिवसातून सहा वेळा येते. तो गरीब माणूस जेवला की सोफ्यावर आडवा व्हायचा आणि ही त्याचं पोट दाबून बघायची. "माझ्या लिव्हरची आता हिच्याशी चांगली ओळख झालीय," तो मला ट्रामच्या खिडकीतून ओरडून सांगायचा. "भेटली की हाक मारते!"

इतकं करूनही शेवटच्या परीक्षेत बाई नापास झाली.

ती परीक्षा म्हणजे चौदा खोल्या. प्रत्येक खोलीत आजारी असल्याचं सोंग घेतलेला एक नट आणि कोपऱ्यात गुण देणारा परीक्षक. आठ मिनिटं झाली की घंटा, की पुढची खोली. रोझलिनला सगळं येत होतं. पण तिने ते मनातल्या मनात केलं. लॅबमधली सवय! तिथे खात्री झाल्याशिवाय तोंड उघडणं म्हणजे पाप. दोनदा तपासून बघितलेला आकडाच दाराबाहेर जायचा. परीक्षकाला तिच्या डोक्यातलं कसं ऐकू येणार? चौदापैकी सहा खोल्यांमध्ये परीक्षकांनी पानं कोरी ठेवली.

हेस्केथबाईंनी तिच्यासाठी नोकरीची जागा राखून ठेवली होती. त्यांनी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं. दार उघडं होतं, मी ऐकलं.

"रोझलिन, सप्टेंबरच्या फेरपरीक्षेपर्यंत थांबते. एकदाच. त्यानंतर मला दुसरं कुणीतरी घ्यावं लागेल. इथे माणसं कमी आहेत."

"एकदा पुरे," रोझलिन म्हणाली. लॅबची जागा कधीच भरली होती, म्हणजे मागचं दार बंद. ती बाहेर आली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "पॉलीन, तू जेवायला कधी बसतेस?"

त्या दिवसापासून माझं जेवण नासलं. रोज दुपारी एक वाजता रिकाम्या बाकावर मी अंड्याचं सँडविच घेऊन बसायची आणि ही समोर उभी राहून, मलाच पेशंट समजून, दिसेल ते मोठ्याने बोलून दाखवायची. "श्वास मिनिटाला सोळा. ओठांचा रंग बरा आहे. उजव्या गुडघ्यावर भार टाकत नाही. संधिवात असावा, पण खात्री नाही."

"खात्री नाही तर बोलतेस कशाला?" मी चिडवायची.

"तेच तर शिकतेय," ती म्हणायची, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू. अडखळायची, लाल व्हायची, पण थांबायची नाही. महिन्याभरात मला ती आवडायला लागली. हे मी कुणाला सांगितलं नाही.

ऑगस्टमध्ये विल्फ रिमर आला. वय एकोणऐंशी. उभा जन्म आइसलँडकडच्या समुद्रात मासेमारीच्या बोटीवर गेलेला. आमच्याकडच्या या जुन्या दर्यावर्दी पुरुषांना कसंही विचारा, एकच उत्तर, "फार वाईट नाही." पाय कापून पडला तरी तेच म्हणतील. विल्फ दवाखान्यात येतो तो चार वर्षांतून एकदा, इस्त्रीचा शर्ट आणि चकाकणारे बूट घालून. त्या दिवशीही शर्ट इस्त्रीचा होता. मी तेवढंच पाहिलं. "खोकला आहे जरा," म्हणाला. मी त्याला रोझलिनकडे पाठवलं.

भिंतीपलीकडून आवाज आला. "डॉक्टरबाई, उगाच त्रास देतोय तुम्हाला."

"मी रोझलिन स्वारब्रिक. शिकते आहे. मी डॉक्टर नाही, मिस्टर रिमर."

"डॉक्टर नाहीस? मग तुझा वेळ कशाला घालवू, पोरी? खोकलाच तर आहे."

खुर्ची सरकली. दार उघडून विल्फ माझ्यासमोरून सरळ बाहेर गेला. मागोमाग रोझलिन आली, आणि तिचं ते रूप मी कधी पाहिलं नव्हतं. "हेस्केथबाईंना थांब्यावर पाठव. आत्ताच्या आत्ता," एवढं म्हणाली आणि पळाली. मी बाईंच्या दारावर थाप मारली, निरोप दिला आणि मीही धावले. फोन वाजत राहिला.

विल्फ थांब्याच्या बाकावर टेकला होता. ती त्याच्यासमोर फरसबंदीवर गुडघे टेकून बसलेली. आणि ती बोलत होती. मोठ्याने, भरभर, न अडखळता.

"अंगात इस्त्रीचा शर्ट आणि पायात सपाता. बूट पायात जात नाहीत, हो ना? माझ्या दारापासून इथपर्यंत दोनदा थांबलात, खांबाला धरून. खोकला आडवं झाल्यावर वाढत असणार. आठवडाभर तरी खुर्चीत बसून झोपत असाल." तिने अंगठ्याने त्याची नडगी दाबली आणि बोट काढलं. खड्डा तसाच राहिला. "हे बघा. अंगात पाणी साठलंय. मला वाटतं हे तुमच्या हृदयाचं दुखणं आहे. मला खात्री नाही, कारण मी डॉक्टर नाही. म्हणून तर डॉक्टर येईपर्यंत मी तुम्हाला इथून हलू देणार नाही."

विल्फ पायाकडे बघत राहिला. तेवढ्यात नेहमीच्या वेळेला कीथची ट्राम आली.

"चल, बाजूला हो पोरी. माझी ट्राम आली."

तिने मान वळवून पाहिलंही नाही. "कीथ, यांना चढू देऊ नकोस."

दार उघडलं. चार माणसं उतरली आणि पुढे जायचं सोडून तिथेच उभी राहिली. आतल्या सगळ्यांनी काचेला नाकं लावली.

"मी डॉक्टर नाही, मिस्टर रिमर," रोझलिन अख्ख्या ट्रामला ऐकू जाईल असं म्हणाली, "पण डॉक्टर येईपर्यंत तुम्ही चढायचं नाही."

"विल्फ," कीथ आपल्या जागेवरून म्हणाला, "तुम्ही खालीच थांबा."

"अरे, पास आहे माझ्याकडे! तू कोण अडवणारा?"

"पास असेल हो. मला आज रात्री हिच्यासमोर जेवायला बसायचंय. आणि हे बघा, हिने शंभरदा माझं पोट तपासलंय. दर वेळी म्हणाली, तुला काही झालेलं नाही. दर वेळी बरोबर! आज तुम्हाला काहीतरी झालंय म्हणतेय, तर ऐका."

विल्फ ट्रामकडे बघत होता, तोंड उघडून श्वास घेत होता. मग हळूच, आम्हालाच ऐकू येईल असं म्हणाला, "दहा दिवस झाले. खुर्चीतच झोपतो."

हेस्केथबाई आल्या, स्टेथोस्कोप लावून छाती तपासली आणि रुग्णवाहिका मागवली. हृदयच होतं. विल्फ तीन आठवडे हॉस्पिटलमध्ये राहिला. आणखी दोन दिवस गेले असते तर घरातच खुर्चीत सापडला असता, असं तिथल्या डॉक्टरांनी कळवलं.

संध्याकाळी मी चहा केला. माझ्यासमोरून तो माणूस दोनदा गेला आणि मी त्याचा शर्ट बघत बसले, याची मला लाज वाटत होती. ती लपवायला मी तिच्यावरच घसरले.

"एक दिवस नसतं सांगितलंस डॉक्टर नाही म्हणून, तर काय बिघडलं असतं? बसला असता गप खुर्चीत."

"पॉलीन," ती म्हणाली, "बाटलीवर चुकीचं नाव असेल तर आत कसलंही रक्त असो, लॅबमध्ये आम्ही ते फेकून देतो." आणि चहा पिऊन अभ्यासाला गेली.

सप्टेंबरात ती परीक्षा देऊन आली. "बोललीस का?" मी विचारलं. तिने नुसतं गळ्याकडे बोट दाखवलं. घसा पार बसला होता.

निकाल आला तेव्हा तिने माझ्या टेबलाकडे पाठ केली. "तू वाच. मोठ्याने." मी वाचलं. पास. चौदाच्या चौदा खोल्या. मी भर दवाखान्यात, सगळ्यांसमोर ढसाढसा रडले, आणि रोझलिनने माझी नाडी बघितली.

ती कामावर रुजू झाली त्या सोमवारी सकाळी आठला पहिलाच फोन विल्फचा.

"आज वेळ आहे का, पॉलीन?"

"नशीब काढलंत. हेस्केथबाईंकडे सव्वानऊला एक जागा आहे."

"त्या नकोत. रोझलिनकडे दे."

नवा नियम होता. तिच्याकडे वेळ मागणाऱ्या प्रत्येकाला मी आधी सांगायचं. म्हणून मी म्हणाले, "देते. पण ती डॉक्टर नाही, हे ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे," विल्फ म्हणाला. "भर रस्त्यात, अख्ख्या ट्रामसमोर तिनेच सांगितलंय मला."